नमुना यादीतलं तिसरं नाव

नाहूर, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय नितेश,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस आणि मेल पाठवला तर तो कुठल्या कोपऱ्यात जाऊन पडतो ते मला धंद्यामुळे चांगलंच ठाऊक आहे. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. पाकीट ब्लॉक करता येत नाही. फार तर न फोडता परत पाठवता येतं, पण मग त्यावर तुला स्वतःच्या हाताने ‘घेण्यास नकार’ असं लिहावं लागेल. तेवढं तरी तुझं अक्षर दिसेल.

भांडायला लिहीत नाही, काम आहे. आपल्या मेल लिहून देण्याच्या धंद्याकडे, ‘टपाल’कडे, एक नवीन बाई आल्यात. स्वरदा नाव. घाटकोपरला शाळेत शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी पॉडकास्ट करतात. चावीवाला, गादी पिंजणारा, लग्नाच्या बँडमधला क्लॅरोनेटवाला, अशा माणसांशी निवांत गप्पा. ऐकणारे किती, तर एकशे चाळीस. हसू नकोस. प्रत्येक नवा भाग आला की या एकशे चाळीस जणांना एक मेल जावा आणि तो आपण लिहावा, अशी त्यांची इच्छा आहे. मी नियमाप्रमाणे तीन भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. मधे भांडी घासली नाहीत, फोन बघितला नाही. माझी चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकली आहे. आता तुझी हवी.

तू म्हणशील, मी तर केव्हाच सोडलं. सोडलंस, कबूल. पण गिऱ्हाईक घ्यायचं तर दोन चिठ्ठ्या, हा नियम आपल्या दोघांचा होता. आठवतंय ना, मरोळच्या गाळ्यात आपण नवे होतो आणि शेअरबाजाराच्या टिपा देणारा एक जण आला होता, त्याला घ्यावं की नको यावर आपण दुपारभर कचाकचा भांडलो होतो. नाना डबा घेऊन आले होते. डबा उघडता उघडता म्हणाले, “आमच्याकडे पोस्टात पत्ता वाचता येत नसला की दोघं जण वाचायचे. एकाला जरी शंका आली तरी पत्र खान्यात टाकायचं नाही, बाजूला ठेवायचं.” झालं, त्या दिवशी रिकामा झालेला बिस्किटांचा डबा आपली मतपेटी झाला. दोघांनी न बोलता चिठ्ठ्या टाकायच्या. एक ‘नाही’ निघालं की विषय संपला.

चिठ्ठी लिहायच्या आधी विचारायचे तीन प्रश्नही मी अजून भिंतीवरून काढलेले नाहीत. यादीतल्या लोकांनी नाव स्वतःहून दिलंय का? बोलणारा जे सांगतो ते स्वतः करतो का? आणि ऐकणाऱ्याचं उत्तर आलं तर तो ते वाचतो का? तिसरा तुझा होता. तेव्हा मला तो उगाच वाटला होता.

नाना ठीक आहेत. डाव्या हाताने जेवतात. शब्द अजून आलेला नाही, पण समजतं सगळं. मी कामावर असते तेव्हा शेजारच्या वनमालाताई बसतात. तू हॉस्पिटलच्या बाकावर जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं होतं. नाना विसरायला लागले होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस प्रेशरची गोळी विसरतो, ॲटॅक येतो, अर्धं अंग जातं, वाचा जाते. असं होतं रे, डॉक्टरही तेच म्हणाले.

चिठ्ठी पाठव. होय की नाही, एवढंच लिही.

तुझी ताई,
अक्षता


नाहूर, २४ फेब्रुवारी २०२५

प्रिय नितेश,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. आमच्याकडे ते आधी नानांच्या हातात गेलं. त्यांनी पहिल्यांदा शिक्का बघितला, मग पिनकोड, मग मजकूर. सवय जात नाही. नंतर बराच वेळ मांडीवर ठेवून बसले होते.

मजकूर काय, तर तीन वाक्यं. “नागपूरचे सगळे पिनकोड ज्याला पाठ आहेत तो माणूस गोळी विसरत नाही. त्यांनी गोळ्या का बंद केल्या? खरं सांगितल्याशिवाय मला लिहू नकोस.” स्वरदाबाईंचं काही नाही, कशी आहेस नाही. मास्तर झालास तेव्हापासून प्रश्नपत्रिकाच काढतोस.

बरं. मग आपलं ज्यांच्यावरून बिनसलं त्या देवदत्त सरांपासून सुरुवात करू या. नाहीतर तू म्हणशील, ताई विषय टाळते.

तुझी ती चिठ्ठी अजून डब्यात आहे. ‘नाही’. खाली बारीक अक्षरात लिहिलं आहेस : ‘हा माणूस उत्तरं वाचत नाही.’ माझी ‘होय’ तिच्या शेजारीच आहे. एका वर्षात कागद पिवळासुद्धा पडला नाही.

अंधेरीच्या त्यांच्या ऑफिसात आपण गेलो होतो ते आठवतं मला. औषधं सोडा म्हणून सांगणारा त्यांचा ‘गोळीविना’ पॉडकास्ट दोन लाख लोक ऐकतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तू विचारलंस, “सर, लोकांचे रिप्लाय येतील, ते कोण वाचणार?” ते हसले. “रिप्लाय कोण वाचतं यार? एक ऑटो रिप्लाय टाका ना, झकास, आपुलकीचा. मॅडमच्या हातात ती जादू आहे.” मग तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवलास. लॅपटॉपच्या मागे गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. अर्ध्या वापरलेल्या. बाहेर आल्यावर तू विचारलंस, “बघितलंस ना?” मी म्हटलं, “काय?”

बघितल्या होत्या. आज सांगते.

आणखी एक सांगते. तीन भाग मी ऐकलेच नव्हते. रिक्षातून येताना एक भाग लावला, दीडपट वेगाने, आणि मरोळ नाक्यावर ट्रॅफिकमध्ये तोही बंद केला. मला ऐकायचंच नव्हतं. तीन वर्षं दोनशे-तीनशे लोकांना पत्रं लिहून मला कंटाळा आला होता. कुणीतरी मोठ्या माणसाने पहिल्यांदा माझ्या लिहिण्याला जादू म्हटलं होतं आणि मी फुगले होते. तू गाळ्यात म्हणालास, “ताई, नियम म्हणजे नियम.” मी म्हणाले, “नियम असल्या लहानसहान लोकांसाठी असतात रे. दोन लाखवाल्याला काय चाळणी लावतोस?” तू हेडफोन गुंडाळलेस, खिशात घातलेस आणि गेलास. महिन्याभरात नागपूरला नोकरी धरलीस.

नानांना आपण दोघांनीही खरं सांगितलं नाही, एवढ्या एका बाबतीत आपलं जमलं. ‘कॉलेजात चांगली जागा मिळाली’ म्हणून तू निघालास. ते खूश होते. विहारात सगळ्यांना सांगून आले, पोरगा रेकॉर्डिंग शिकवायला लागला.

तर देवदत्त सरांचं काम मी घेतलं. चुकले. त्याबद्दल तुझी माफी मागते. आता तरी स्वरदाबाईंची चिठ्ठी पाठव, त्या दोनदा विचारून गेल्या.

तुझी ताई,
अक्षता


नाहूर, १७ मार्च २०२५

नितेश,

तू कार्ड पाठवलं नाहीस. वनमालाताईंना फोन करून नानांची चौकशी केलीस, ते त्यांनी सांगितलं. “ताई कशी आहे” असं विचारलंस का म्हणून मी त्यांना विचारलं, तर त्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या.

मागचं पत्र मी पुन्हा आठवून बघितलं. तू काय विचारलंस आणि मी कशाची माफी मागितली. तुझ्या प्रश्नाला मी हातही लावला नव्हता. आज लावते. मधे थांबले तर पुन्हा स्वरदाबाईंबद्दल लिहीत बसेन, म्हणून सलग लिहिते.

आपली नमुना यादी आठवते? कुठलाही मेल गिऱ्हाइकाच्या लोकांना जायच्या आधी घरच्या पत्त्यांवर पाठवून बघायचा, फोनवर कसा दिसतो, अक्षर मोडतं का. पहिलं नाव माझं, दुसरं तुझं, तिसरं नानांचं. त्यांचा फोन जुना म्हणून आपण मुद्दाम घातलं होतं. नाना प्रत्येक मेल चष्मा लावून वाचायचे आणि जेवताना सांगायचे, “ओळी फार लांब आहेत,” “तारीख घालायला विसरलीस.” तू गेल्यावर तुझं नाव मी यादीतून काढलं. नानांचं काढलं नाही. तसा विचारही डोक्यात आला नाही.

म्हणजे ‘गोळीविना’चा प्रत्येक मेल दोन लाख लोकांच्या आधी आपल्या घरात, नानांना येत होता.

आणि तो मी कसा लिहीत होते ते ऐक. पत्र लाखाला पाठवायचं असलं तरी लिहायचं एकाच माणसाला, हे मीच सगळ्यांना शिकवते. देवदत्त सरांचे ऐकणारे वयस्कर. मग मी डोळ्यांसमोर कुणाला घेणार? मी नानांना घेतलं. जुलैच्या शेवटी एक मेल लिहिला, तो सरांना इतका आवडला की त्यांनी ऑफिसात वाचून दाखवला. त्यात होतं : ‘रोज सकाळी चहाच्या आधी ती तपकिरी डबी उघडणारे तुमचे हात मला दिसतात. इतकी वर्षं ज्या हातांनी घर सांभाळलं, त्यांना आता त्या डबीतून मोकळं करू या.’ तपकिरी डबी नानांची. खिडकीतली. मी समोर बघून लिहिलं होतं.

ऑगस्टमध्ये नाना पडले. तुला मी बाकावर जे सांगितलं ते तेव्हा मला खरंच वाटत होतं. त्यांच्या कपाटात गोळ्यांच्या भरलेल्या पट्ट्या मिळाल्या, म्हणून वाटलं विसरले असतील.

सप्टेंबरमध्ये मी सरांचं काम सोडलं. सोडताना त्यांच्या मेलची पेटी आवरून परत द्यायची होती. ती पेटी मी सहा महिन्यांत उघडलीच नव्हती. उत्तरं कुणी वाचायचीच नव्हती ना. आत चार हजारांच्या वर न उघडलेली पत्रं होती आणि त्यांत तीन नानांची होती. नानांनी आयुष्यात एकाही पत्राला उत्तर दिल्याशिवाय ठेवलं नाही, हे मी विसरले होते. विसरणारी मी होते रे.

तिन्ही पत्रं उतरवून देते.

पहिलं, २९ जुलैचं. ‘आदरणीय सर, आपले पत्र मिळाले. तपकिरी डबीचा उल्लेख वाचून आश्चर्य वाटले, माझीही तशीच आहे. मला बारा वर्षांपासून ब्लड प्रेशर आहे. मी गोळी बंद केली तर चालेल का, हे कृपया कळवावे. आपला, काशीराम वानखडे, निवृत्त टपाल कर्मचारी, नाहूर.’

त्यावर दोन मिनिटांत उत्तर गेलं. ते आपोआप जात होतं. मी लिहिलेलं. ‘आपलं पत्र वाचून मनापासून आनंद झाला. आपल्याला प्रश्न पडतो आहे, म्हणजे आपण योग्य वाटेवर आहात. पुढचा भाग जरूर ऐका.’

दुसरं, त्याच दिवशीचं. ‘सर, इतक्या व्यापात आपण तत्काळ उत्तर दिलेत, आभारी आहे. उद्यापासून गोळी बंद करतो. एक सांगावेसे वाटते. आपली पत्रे पाठवण्याचे काम माझी मुलगी पाहते. ती आणि तिचा भाऊ दोघांनी चिठ्ठी टाकल्याशिवाय कुणाचेही काम घेत नाहीत. एकाला शंका असली तरी घेत नाहीत. म्हणूनच आपल्यावर विश्वास ठेवला.’

पुन्हा तेच उत्तर. मनापासून आनंद झाला, योग्य वाटेवर आहात.

तिसरं, ७ ऑगस्टचं. ‘सर, आज नऊ दिवस झाले. हलके वाटते. मुलीला अद्याप सांगितलेले नाही. महिना पूर्ण झाला की रिकामी डबी तिच्या हातात देणार आहे. तिच्या कामाचा घरातच उपयोग झाला हे पाहून तिला बरे वाटेल. अलीकडे ती थकलेली असते.’

त्यालाही तेच उत्तर गेलं. १७ ऑगस्टला सकाळी ते मोरीच्या दारात पडले.

मला का नाही विचारलं म्हणशील. मे महिन्यात एकदा जेवताना ते असंच काहीतरी मेलबद्दल सांगत होते तेव्हा मी ओरडले होते. “नाना, घरी तरी मेलचं नको ना. डोकं उठतं माझं.” त्यानंतर त्यांनी ताटावर कधी विषय काढला नाही. ज्याचं पत्र त्यालाच विचारावं, असं त्यांनी ठरवलं असणार. पोस्टातला माणूस.

त्या पेटीतली बाकीची पत्रंही मी वाचली. गोळ्यांबद्दल विचारणारे तीनशे बारा जण होते. प्रत्येकाला मी माझ्या नावाने लिहिलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका, ते उत्तर माणसाने दिलेलं नव्हतं. बऱ्याच जणांनी उलट लिहिलं, काहींनी शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. पन्नासेक जणांकडून काहीच आलं नाही. मी अजून अधूनमधून बघते. सरांना सांगितलं तर म्हणाले, “मॅडम, तुम्ही इमोशनल होताय.” दुसऱ्या कुणाला तरी काम दिलं. पॉडकास्ट चालू आहे.

म्हणजे मला सप्टेंबरपासून माहीत आहे. दिवाळीत तू आलास, माझ्याशी न बोलता नानांचे पाय चेपत बसलास, तेव्हा माहीत होतं. फेब्रुवारीत तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं, तरी लिहिलं की नाना विसरायला लागले होते. त्यांना उलट बोलता येत नाही, म्हणून मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलू शकले. याच्याइतकी मला दुसऱ्या कशाची लाज वाटत नाही.

अक्षता


१९ मार्च

नितेश, वरचं पत्र लिहून दोन दिवस झाले, अजून टाकलेलं नाही. पाकिटावर तुझा पत्ता घातला, तिकीट लावलं आणि मग वाटलं, यात नानांची पत्रं आहेत. त्यांना विचारलं पाहिजे.

आज वनमालाताई गेल्यावर त्यांच्या समोर बसून सगळं वाचून दाखवलं. नमुना यादी, डबीचा मेल, मी ओरडले ते, त्यांची तिन्ही पत्रं. त्यांचीच पत्रं वाचायला लागल्यावर ते खिडकीकडे बघायला लागले. डबी तिथेच आहे, आता मी भरते. मी म्हटलं, “नाना, तुम्हाला माहीत होतं ना, ते उत्तर मीच लिहिलेलं होतं?” त्यांनी मान हलवली. कधी कळलं, कसं कळलं, ते सांगता येत नाही त्यांना. पण माहीत होतं. सात महिने माझ्या हातचं जेवत होते आणि माहीत होतं.

मला रडू आवरेना. बऱ्याच वेळाने मी डबा काढला. दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक ‘होय’, एक ‘नाही’, मोठ्या अक्षरात, त्यांना आवडतात तशा. म्हटलं, “नाना, हे पत्र नितेशला पाठवायचं का?”

त्यांनी दोन्ही नीट वाचल्या. मग डाव्या हाताने ‘होय’ टेबलावरून खाली सरकवली. ‘नाही’ उचलायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला, मी मदत करायला गेले तर हात झटकला माझा. स्वतः डब्यात टाकली. झाकण लावलं. आणि झाकणावर हात दाबून ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी उठायला लागले की जास्तच दाबायचे.

ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. तू मला टाकशील याची त्यांना भीती आहे. मुलाने आपल्याला जन्मभर विसरभोळा म्हटलं तरी चालेल, पण मुलीला काही म्हणू नये, एवढंच त्यांना हवंय. पिनकोड पाठ असलेल्या माणसाला.

आपल्या नियमाप्रमाणे हे पत्र जाता कामा नये. एक ‘नाही’ निघालं की विषय संपला. हा नियम मी आज दुसऱ्यांदा मोडते आहे. पहिल्यांदा तुझं ‘नाही’ मोडलं ते मला मोठं व्हायचं होतं म्हणून. आज नानांचं मोडते आहे. ते झोपले की खाली जाऊन पेटीत टाकीन.

त्यांची चिठ्ठी सोबत ठेवली आहे. माझ्याबद्दल तुला जे ठरवायचं ते ठरव, मी विचारणार नाही. त्यांना मात्र दोन ओळी लिही. तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर एवढंच आहे : नाना काहीही विसरले नव्हते. त्यांनी माझं ऐकलं होतं.

तुझी ताई,
अक्षता